बिनकाट्याचा हलवा

"मला चालतं?"

उंबऱ्याच्या आत पाऊल टाकल्याबरोबर मिथिलानं विचारलं ते हे. खाण्यासारखं समोर काही नव्हतंच. सतरंजीवर कात्री, दोऱ्याची रिळं, सोनेरी कागदाच्या पट्ट्या आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. तिचं बोट माठाकडे होतं.

"पाणी चालतं की बाळा," तिची आई म्हणाली. "पाण्याला काय विचारायचं?"

मी पेला भरून दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून एका दमात संपवला. रिकामा पेला परत देताना माझ्या वेणीतल्या शेवंतीकडे बघून पुन्हा विचारलं, "हे?"

"ते फूल आहे. ते खायचं नसतं."

"खायचं नाही. वास घेतला तर चालतो?"

मी हसले. बनूआत्या हसली नाही. हातातला दोरा तसाच ठेवून ती त्या पोरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शाले, दे गं काढून ते फूल तिला."

मिथिला फूल घेऊन अंगणात गेली, आणि तिची आई, वृंदाताई, सतरंजीच्या कडेला टेकली. मुलींच्या शाळेत शिकवायच्या त्या. यजमान रेल्वेत गार्ड, म्हणून स्टेशनाजवळच्या क्वार्टरात राहायच्या.

मार्गशीर्ष सरत आला होता. मिरजेतलं आमचं घर सतारी करणाऱ्यांच्या गल्लीला पाठ लावून होतं. दिवसभर भोपळे तासल्याचा आवाज यायचा, आणि मधूनच कुणी तार पिळून बघायचं. त्या आवाजात आमचा हलवा व्हायचा. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, लग्न न केलेली. आई गेल्यावर मी तिच्या पदराखाली आले ती तिथंच वाढले. वर्षभर ती झबली-टोपडी शिवायची, आणि थंडी पडली की मशीन झाकून शेगडी बाहेर काढायची. नव्या नवरीचा पहिला संक्रांतसण असो, लेकराचं बोरन्हाण असो, हलव्याचे दागिने बनूआत्याचेच. तिच्या हलव्याला काटा असा यायचा, की दाणा हातात घेतला तर पारिजातकाची कळी टोचल्यासारखी वाटावी.

"बोरन्हाणाचं आहे," वृंदाताई म्हणाल्या. "हिला पाचवं लागलंय. यंदाचं शेवटचं."

"मग करू की. माप घेते."

"तसं नाही, आत्या." त्यांनी आवाज खाली आणला. "हिला साखरेचा आजार आहे. तिसऱ्या वर्षापासून. रोज दोन सुया."

आत्याचा हात थांबला. "एवढ्याशा जिवाला?"

"होतो. लहानपणी होतो तो सुईचाच असतो. गेल्या वर्षी शेजारी बोरन्हाण होतं. ही बाकीच्या पोरांत बसली होती. लूट सुरू झाली तशी हिनंही मूठ भरली. मी सगळ्या बायकांसमोर तिची बोटं एकेक करून उघडली. ती रडली नाही हो. तिनं मूठ सैल सोडली. माझी पोर मूठ बांधायच्या वयात मूठ सोडायला शिकली."

अंगणात मिथिला फुलाची एकेक पाकळी नाकाला लावत होती.

वृंदाताईंनी पिशवीतून एक चपटी बाटली काढली. आत बारीक पांढऱ्या गोळ्या. "यात साखर नाही, नुसती गोडी आहे. मोठी माणसं चहात टाकतात. डॉक्टरांना विचारलंय मी, कधीमधी हिला चालेल म्हणाले. याचा हलवा होईल?"

आत्यानं एक गोळी जिभेवर ठेवली. डोळे मिटले. "गोड आहे. मागून जरा कडसर येते." मग दुसरी गोळी घेऊन ती उठली आणि उंबऱ्याशी मुंग्यांची रांग चालली होती तिच्या वाटेत ठेवली. आम्ही तिघी वाकून बघत राहिलो. पुढची मुंगी आली, थांबली, गोळीला शिवली, आणि वळसा घालून निघून गेली. तिच्यामागून दुसरी. मग सगळी रांगच वळली.

"बघा," आत्या म्हणाली. "माणसाची जीभ फसते, मुंगी नाही फसत."

"मला मिथिलाला फसवायचं नाहीये. तिला खरं सांगणार आहे मी, हा साखरेचा नाही म्हणून. फक्त एकदा तिनं मूठभर लुटून खावं आणि मला उघडायला लागू नये. आणि सगळ्या मुलांना तोच हलवा. तिची वेगळी वाटी नको."

मी मध्येच विचारलं, "आणि चुकून साखर लागली तर?"

वृंदाताईंनी माझ्याकडे बघितलं. "दिवाळीत हिनं लपून बत्तासे खाल्ले होते. त्यात ताप आला. तिसऱ्या दिवशी मी हाका मारतेय आणि ही डोळे उघडेना. चार दिवस सलाईन." एवढंच बोलून त्यांनी बाटली आत्याच्या हातात दिली.

"दागिने आपण लाह्यांचे करू," आत्या म्हणाली. "ज्वारीच्या लाह्या ओवल्या की मोगऱ्यासारख्या दिसतात. आणि लुटायला हलवा. काट्याचं मी सांगत नाही. दाणा गोड होईल एवढं बघते."

त्या गेल्यावर आत्या बराच वेळ आपली बोटं बघत बसली. मग म्हणाली, "शाले, ही परात तू करायची."

मला एकोणिसावं चालू होतं. दहा वर्षं मी तिच्या शेजारी बसून तीळ निवडले, पाक गाळला, दागिने ओवले. पण परातीत बोटं घालायला तिनं मला कधी दिलं नव्हतं. मंद निखाऱ्यावर परात, परातीत तीळ, त्यावर चमचाभर पाक, आणि उघड्या बोटांनी हलवत राहायचं. दाणा दाण्याला चिकटू द्यायचा नाही, परात तापू द्यायची नाही. पाच-सहा दिवस. बोटांनाच कळतं केव्हा थांबायचं ते.

"मी कशी? तू असताना?"

"माझ्या बोटांना हल्ली काही कळत नाही गं." तिनं उजव्या हाताची बोटं माझ्यापुढं धरली. दोन टोकांना फोड येऊन सुकलेले होते. "परवा परातीला चिकटली. वासानं कळलं मला. मलाही साखर आहे म्हणतात दवाखान्यातले. दोन वर्षं झाली. तुला काय सांगायचं म्हणून नाही सांगितलं."

मी तिचा हात धरला, आणि खोटं कशाला सांगू, त्या दुःखाच्या खाली मला एक सुखही झालं होतं. पहिली परात माझी! आमच्यात असं होतं की नव्या हाताची पहिली परात लेकराच्या डोक्यावरून पडली पाहिजे, म्हणजे हात मार्गी लागतो. गल्लीतल्या सगळ्या बायका ती बघायला येतात, दाणा चिमटीत धरून काटा बघतात. त्या दिवशी मी शेगडीला हळदकुंकू वाहिलं.

पहिल्या बाटलीचं काही जमलं नाही. त्या गोळ्यांची गोडी निखाऱ्यावर टिकेचना. दिवसभर हलवून संध्याकाळी दाणा तोंडात टाकला तर नुसता तीळ. वृंदाताई पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आल्या आणि दुसऱ्या जातीच्या गोळ्या घेऊन आल्या. त्या टिकल्या. मी त्या वाटून, डिंकाच्या पातळ पाण्यात कालवून, चमचा चमचा तिळावर सोडायची. आत्या शेजारी बसून लाह्या ओवायची, आणि परातीच्या खुळखुळ आवाजावर तिची जुनी ओवी म्हणायची:

तिळाच्या दाण्याला थंडी वाजे पहाटेची
घालिते मी अंगी चोळी साखरकाट्याची

चार दिवस झाले. तीळ पांढरा झाला, तुळतुळीत झाला. काट्याचं नाव नाही. पाचव्या दिवशीही नाही.

"यायचा नाही तो," आत्या म्हणाली. "काटा म्हणजे साखरेचं हाड. इथं गोडी आहे, हाड नाही."

"मग हा हलवा कसला?"

"बोडका हलवा. गोड आहे ना? मग झालं."

तेवढ्यात सरूकाकू आली. ती समोरच्या घरातली, दागिने ओवायला रोज यायची, आणि तिची जीभ आत्याच्या सुईहून टोकदार. परातीत बघून ती म्हणाली, "अगंबाई! ही अळीची अंडी कशाला भाजतीस?"

"काकू, हलवा आहे तो."

"हलवा? पहिली परात आणि बोडकी? बनूताई, ही पोर तुमचं नाव राखणार बघा!" तिनं दोन दाणे पदरात बांधले. "दाखवते गल्लीत. नाहीतर माझ्यावर विश्वास कोण ठेवील?"

"दाखव की," आत्या शांतपणे म्हणाली. "चवही घ्यायला सांग."

मी मान वर केली नाही. डोळ्यांतलं पाणी परातीत पडू नये म्हणून तोंड फिरवलं.

त्या आठवड्यात आत्याला बोटांसाठी रोज दुपारी दवाखान्यात मलमपट्टीला जायचं होतं. एकटी जायची. पहिल्या दुपारी मी परात पुढं ओढली, बिघडलंच तर हाताशी असावेत म्हणून अर्धे तीळ बाजूच्या डब्यात काढून ठेवले, आणि उरलेल्यांवर डिंकाचं पाणी सोडलं. मग उठले. साखरेचा डबा उघडला. एक वाटी घेतली. पाक केला, दूध घालून मळी काढली, फडक्यातून गाळला. मनाला सांगत होते, अर्धी गोडी गोळ्यांची आहेच, वरून नुसतं नावाला. एवढ्याशा दाण्याला साखर ती किती लागणार? पोर खाऊन खाऊन खाणार किती? पाच दाणे. सात.

दुसऱ्या दुपारी दुसरी वाटी. मग तिसरी, चौथी.

पाचव्या दुपारी काटा आला. मी परात उजेडात नेली. प्रत्येक दाणा चांदणीसारखा उभा राहिला होता. शेजारच्या गल्लीत कुणीतरी सतार लावत होतं, तार चढत चढत जागेवर आली आणि थांबली. मला वाटलं, माझ्यासाठीच थांबली.

आत्या आली तेव्हा मी परात तिच्या पुढ्यात ठेवली.

ती वाकली. बराच वेळ बघत होती. "आला?"

"आला."

"कसा गं?"

"थंडी पडली ना दोन दिवस. आणि डिंक जरा दाट केला मी."

तिनं एक दाणा उचलला. पट्टी बांधलेल्या बोटांत तो मावेना, परत परातीत पडला. ती म्हणाली, "माझ्या बोटांना आता कळत नाही, शाले. तू सांगशील ते खरं."

मी म्हटलं, "खरंच आला, आत्या."

"बरं," ती म्हणाली. "डब्यात भर. मी फडकं बांधते."

सरूकाकूनं दुसऱ्या दिवशी डबा उघडून बघितला आणि तिचं तोंड बंद झालं. गल्लीतल्या चारचौघी येऊन गेल्या. एकजण म्हणाली, "बनूताईंचा हात पोरीत उतरला." आत्या लाह्या ओवत होती. तिनं नुसती मान हलवली.

त्याच्या पुढच्या पहाटेपासून आत्या स्वतः शेगडी पेटवायला लागली. मी उठायच्या आधी तिची परात वाजत असायची. माझ्याकडे पाठ, अंगावर घोंगडी.

"आता कुणाचं काम काढलंस? हातांना पट्ट्या आहेत ना?"

"आहे एकीचं. थोडंच आहे."

"मी करते, दे."

"नको. हे माझंच आहे."

मला राग आला. वाटलं, माझं कौतुक तिला सोसत नाही. अंथरुणात पडल्या पडल्या तिची ओवी ऐकू यायची. शब्द बदललेले होते, पण मी नीट कान दिला नाही. तिच्या पट्ट्या रोज काळ्या व्हायच्या. मी रागावले की म्हणायची, "दुखत नाही गं. दुखत नाही हीच तर पंचाईत आहे."

संक्रांत झाली. चौथ्या दिवशी बोरन्हाण. त्या सकाळी मी अंग धुऊन आले तर फळीवरच्या डब्याला मुंग्या लागलेल्या. भिंतीवरून, फळीच्या कडेनं, फडक्याच्या गाठीत शिरणारी काळी बारीक रांग. वळसा घालणारी एकही नव्हती.

मी उभी राहिले. एकदा वाटलं, आत्याला हाक मारावी. ती चुलीशी होती, चार पावलांवर. मी ओलं फडकं घेतलं आणि भिंत पुसली, फळी पुसली, डबा पुसला. फडकं मोरीत पिळलं. मागं वळले तर आत्या दारात.

"काय पुसतीस?"

"धूळ."

ती क्षणभर उभी राहिली. मग म्हणाली, "तू वेणी घाल. डबा मी घेते."

क्वार्टरातली ती खोली मला अजून दिसते. मधोमध पाट, पाटाभोवती रांगोळी. मिथिला काळ्या झबल्यात, चांदण्यांची नक्षी असलेल्या. गळ्यात, मनगटांत, कपाळावर लाह्यांची फुलं. दहा-बारा पोरं भोवती टपून बसलेली, भिंतीला पाठ टेकून बायका. सरूकाकूही आली होती, पहिली परात बघायला. आत्या डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि कुणाला हात लावू देत नव्हती. वृंदाताईंनी औक्षण केलं, मग मापात चुरमुरे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, शेंगा घेतल्या. आत्यानं डबा आपल्या पदराआड उघडला आणि चुरमुऱ्यांत उपडा केला. पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलं.

"आधी सांगते सगळ्यांना," वृंदाताई म्हणाल्या. "हा हलवा साखरेचा नाही. मिथिलाला चालेल असा केलाय. आणि ही शालनची पहिली परात आहे बरं का!"

बायका माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले असणार.

माप मिथिलाच्या डोक्यावरून रितं झालं. बोरं टणटण उडाली, पोरं तुटून पडली. एक खाटेखाली शिरला, दुसरीनं परकराचा ओचा केला. त्या सगळ्या गोंधळात मिथिला पाटावर स्थिर बसून होती. तिनं हळूच पुढं वाकून एक मूठ भरली. घट्ट. मग मूठ तशीच छातीशी धरून आईकडे बघितलं.

"मला चालतं?"

पोरांचा गलका चालूच होता, पण बायका तिच्याकडे बघायला लागल्या. वृंदाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या मान डोलावणार तेवढ्यात थांबल्या. चार दिवसांचं सलाईन आठवलं असेल. त्या माझ्याकडे वळल्या.

"चालतं ना गं, शालन?"

एक शब्द पुरला असता. ओठांवर आलाही होता. समोर सरूकाकू बसली होती, डोळे बारीक करून. चारचौघी होत्या. माझी पहिली परात होती. आत्या माझ्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात काही नव्हतं, राग नाही, विचारणं नाही. विहिरीवर घागर बुडायची वाट बघत उभं राहावं तशी ती बघत होती.

"चालतं," मी म्हणाले.

मिथिलानं मूठ तोंडाला लावली.

तिच्या दाताखाली तीळ फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. एवढ्या गलक्यात कसा ऐकू आला मला माहीत नाही. ती चावत राहिली, डोळे मोठे करून. गिळलं. पुन्हा मूठ भरली. तिच्या गळ्याची ती छोटीशी हालचाल मी बघत होते. उठावं, तिच्या तोंडात बोट घालून बाहेर काढावं. उठले नाही.

मग मिथिला पाटावरून उतरली आणि सगळ्यांना सोडून माझ्याकडे आली. मूठ माझ्यापुढं धरली आणि तिनं स्वतः, आपण होऊन, उघडली.

"बघ, हा टोचत नाही. माझा हलवा टोचत नाही."

तळव्यावर चार दाणे होते. पांढरे, तुळतुळीत. एकालाही काटा नव्हता.

मी परत परत बघितलं. जमिनीवर सांडलेले बघितले, पोरांच्या ओच्यातले बघितले. सगळे तसेच.

"अगंबाई," सरूकाकू ओरडली, "हा तर बोडकाच आहे की गं! काटा गेला कुठं पोरी तुझा?"

बायका हसल्या. आत्या म्हणाली, "गोड आहे का सांग, सरू."

सरूकाकूनं दोन दाणे तोंडात टाकले. जरा थांबली. "गोड आहे बाई."

"मग झालं."

मी आत्याच्या हातांकडे बघितलं. तीन बोटांना चिंध्या होत्या, आणि चिंध्यांच्या कडेनं कातडं काळं पडलेलं होतं. त्या पहाटेच्या शेगडीवर, मी काढून ठेवलेल्या अर्ध्या तिळांवर, ज्या बोटांना चटका कळत नव्हता त्या बोटांनी तिनं तो हलवा पुरा केला होता. आणि ती बदललेली ओवी मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आली, पंधरा दिवस कानाशी असून:

उघड्या तिळाला नको काटा नको साज
बाळाच्या जिभेवर त्याचं लगीन गं आज

परतताना ऊन उतरलं होतं. रेल्वेच्या कुंपणाकडेनं आम्ही चालत होतो, ती पुढं, मी मागं. मालगाडी गेली. ती जाईपर्यंत दोघी थांबलो. आवाज विरल्यावर मी म्हटलं, "तुला केव्हा कळलं?"

"काटा बघितला तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते."

"कशाची?"

ती चालू लागली. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "डब्याला मुंग्या लागल्या तेव्हा वाटलं, आता बोलेल. नंतर वृंदाताईंनी विचारलं तेव्हा वाटलं, आता तरी."

मी रस्त्यात खाली बसले. मला रडूही येईना. आत्या परत फिरली, माझ्याजवळ उभी राहिली. तिचा चिंध्या बांधलेला हात माझ्या डोक्यावर आला. हाताला जळल्याचा आणि डिंकाचा वास होता.

"तुला पकडायला नाही केलं मी. पोरीची मूठ होती ती," ती म्हणाली. "उठ. रस्ता आहे हा."

यावर ती पुन्हा कधीही बोलली नाही. माझ्याशीही नाही, कुणाशीच नाही. पुढच्या संक्रांतीला परात तिनं पुन्हा माझ्याच पुढ्यात सरकवली. त्यानंतर तीन वर्षांनी, आधी बोटं आणि मग पाऊल घालवून, ती गेली. तिच्या ट्रंकेत झबल्यांच्या कापडांखाली काचेची बरणी निघाली. झाकण मेणानं बंद केलेलं. आत माझा हलवा होता, चांदण्यांसारखा, काट्यासकट. साखर नासत नाही.

ती बरणी माझ्या फळीवर असते. आता मिरजेत हलवा करणाऱ्या बऱ्याचजणी आहेत. बोडका हलवा मागायला मात्र लोक माझ्याकडे येतात. लेकरांचे आईबाप येतात, कधी म्हातारी माणसंही येतात. डबा हातात घेताना सगळे विचारतात तेच, "चालेल ना हो नक्की?"

मी लगेच उत्तर देत नाही. चिमूटभर दाणे घेते, उंबऱ्याशी वाकते आणि मुंग्यांच्या वाटेत ठेवते. थांबायला लागलं तर थांबते. त्यांनाही थांबवते. पहिली मुंगी येते, दाण्याला शिवते, वळसा घालून निघून जाते.

मग मी म्हणते, "चालतं."